तुटक रेघेच्या आत

माझं काम सांगितलं की लोक आधी मान डोलावतात आणि मग विचारतात, "म्हणजे नक्की काय करतेस?" त्यात त्यांचा दोष नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एक चित्रकार बाई इजिप्तला गेली. तिथल्या थडग्यांच्या भिंतींवर कोरलेली चित्रं तिने पेन्सिलीने कागदावर जशीच्या तशी उतरवून घेतली. ते कागद पुढे नेदरलँड्समधल्या एका संस्थेत आले आणि तिथल्या कपाटात पडून राहिले. त्या पेन्सिलीच्या रेघांवर शाईच्या रेघा चढवायच्या, म्हणजे चित्रं पुस्तकात छापता येतील, यासाठी मला बोलावलं होतं. बस्स, एवढंच. आईच्या भाषेत सांगायचं तर, "पोर इथे टाकून ही तिकडे मेलेल्यांची चित्रं गिरवत बसलीय."

पोर टाकून गेले नव्हते. ठरलं होतं ते असं की मी जानेवारीत पुढे जायचं, जागा बघायची, खेमेंटेत म्हणजे तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवायचं, शाळा बघून ठेवायची आणि उन्हाळ्यात येऊन लेकीला घेऊन जायचं. ती तेव्हा पाच वर्षांची होती. साताऱ्याच्या फ्लॅटवर तिला सांभाळायला आई होती. नवरा हे प्रकरण त्याआधीच कोर्टातून निकालात निघालं होतं, त्यामुळे आणखी कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. निघताना लेकीने मला बजावलं की तिकडच्या शाळेत झोपाळा आहे का ते सगळ्यात आधी बघ. झोपाळा होता. मी फोटो काढून पाठवला. त्यानंतर काही दिवसांतच कोरोनामुळे शाळा बंद झाली, मग संस्था बंद झाली, मग विमानं बंद झाली.

मी लायडस्खेनडाम-फोरबर्गमध्ये कालव्याकाठच्या एका घरात वरच्या मजल्यावर राहत होते. खाली घरमालकीण, ऐंशीच्या आसपासची, एकटीच. वर माझ्या दोन खोल्या. त्यातली लहान खोली लेकीची. तिथे मी एक छोटा पलंग आणून ठेवला होता, त्यावर पिवळी चादर घातली होती. घरमालकीण म्हणाली होती, मुलांनी जिन्यावरून धावलेलं मला चालतं. तिच्याइतकी मीसुद्धा त्या आवाजाची वाट बघत होते. पुढे मोठ्या खोलीत जागा पुरेना, तेव्हा शाई वाळेपर्यंत कागद ठेवायला मी तो पलंग वापरू लागले. सकाळी त्या खोलीत गेलं की पिवळ्या चादरीवर इजिप्तचे लोक आडवे पडलेले असायचे. मी तो दरवाजा लावून घ्यायची.

काम मात्र थांबलं नाही. आमच्या विभागप्रमुख बाई सायकलवरून यायच्या, पाठीला कागदांची लांब नळी बांधलेली. मूळ कागद संस्थेबाहेर न्यायला परवानगी नव्हती, म्हणून त्याच मापाच्या छापील प्रती. नळी दाराशी ठेवायच्या, चार पावलं मागे जायच्या आणि तिथून मोठ्याने बोलायच्या. आवाज खणखणीत, बोलणं सडेतोड. आपल्याकडे कसं, आधी चहा, मग तब्येत, मग घरचं, आणि निघता निघता मुद्दा. इथे मुद्दा सायकल लावायच्या आधीच. "तिसऱ्या कागदावर तू नाक सुधारलं आहेस," त्या एकदा रस्त्यावरून ओरडल्या. "ते तुझं नाक आहे. भिंतीवरचं नाही. परत कर."

सगळ्या कॉलनीला कळलं असेल की मी नाक सुधारते. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! कलाशाळेत माझ्या रेषेचं कौतुक झालेलं, आणि ही बाई मला नाक शिकवते. पण त्यांचं बरोबर होतं. या कामाचा नियमच तो आहे. मनाचं काही काढायचं नाही. कोरलेल्या आकाराची सावलीतली कड जाड, उजेडातली बारीक, हे ठरलेलं. भिंत जिथे फुटली असेल तिथे तुटक रेघ ओढून ती जागा दाखवायची आणि आत कोरं सोडायचं. तिथे काय असणार हे तुम्हाला शंभर टक्के कळत असलं, समोरच्या बाजूला तस्साच दुसरा हात शाबूत असला, तरी इथला हात काढायचा नाही. नसलेलं नाही म्हणून दाखवायचं. मला हा नियम हळूहळू आवडायला लागला. इतका आवडला की मी तो लेकीला शिकवला.

त्या जुन्या चित्रकार बाईविषयी मला फार काही माहीत नव्हतं. पण रोज उठून जिच्या रेघांवरून आपण आपला हात फिरवतो, तिची सवय होते. सकाळी तिची रेघ बारीक आणि शांत असायची. दुपारकडे जरा जोर यायचा. कागदाच्या कडेला ती बारीक अक्षरात लिहून ठेवायची: निळा अजून दिसतो, इथे वटवाघळांनी घाण केली, आज वारा, काम नाही. थडग्यात उजेड नसतो, म्हणून बाहेर ऊन पडलं की आरसा लावून तो उजेड आत घ्यायचा, आतल्या दुसऱ्या आरशाने भिंतीवर पाडायचा, आणि सूर्य सरकला की आरसे सरकवायचे. म्हणजे ती दिवसभर एका उजेडाच्या तुकड्यात बसून काम करणार आणि तो तुकडा तिच्या हातून सतत निसटणार. संध्याकाळी ती खोलीवर जात असेल, हातपाय धूत असेल, डब्यातलं काहीतरी खात असेल. आपल्या भाषेत बोलायला कोणी असेल का तिला? मला उगीच वाटायचं, नसेल. मला ती एकटीच हवी होती, खरं सांगायचं तर. सोबतीला तेवढंच बरं होतं.

कारण मी फार एकटी होते. हे तेव्हा कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला? रॉटरडॅमच्या मराठी मंडळींचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर मला कोणीतरी घेतलं होतं. तिथे रोज कोणाच्या तरी चकल्या, कोणाचे तरी अळूवड्यांचे उंडे. दोघं नवरा-बायको घरून आयटीचं काम करणार, मुलं मधूनच स्क्रीनवर येऊन डचमध्ये काहीतरी बोलणार, सगळे हसणार. ऑनलाइन गणपतीला मी एकदा बसले होते. आरती प्रत्येकाच्या घरून वेगवेगळ्या वेळी पोचत होती, कोणी 'जय देव' वर तर कोणी अजून आधीच्याच ओळीवर. मी आवाज बंद करून बघत राहिले आणि मग कनेक्शन गेल्याचं निमित्त करून उठले. संध्याकाळी कालव्यावर चालायला जायची. घरांच्या खिडक्यांना पडदे नसतात तिकडे. दिवे लागलेले, जेवणाचं टेबल, लोक बसलेले, सगळं उघडं. बघायचं नाही म्हटलं तरी दिसतंच. मी पाण्याकडे तोंड करून चालायची.

साताऱ्याला फोन रोज व्हायचा, तिकडची संध्याकाळ आणि माझी दुपार गाठून. आई फोन असा धरायची की मला पंखा दिसायचा. "आई, खाली कर जरा," म्हटलं की तिचं कपाळ. "अजून खाली," म्हटलं की टाइल्स. त्यातून लेक कधीमधी आडवी सरकून जायची. सुरुवातीला ती फोनला चिकटून असायची, फोनची पापी घ्यायची, सगळी काच ओली. मग हळूहळू ते कमी झालं. आणि माझे प्रश्न तरी कसले! जेवलीस का. काय जेवलीस. दूध प्यायलीस का. आजीला त्रास देत नाहीस ना. मी स्वतः पाच वर्षांची असते तर अशा बाईशी एक मिनिट बोलले नसते.

"बोल ना गं आईशी," आई मागून म्हणायची.

"बोलले ना," लेक म्हणायची. "जेवले म्हणून सांगितलं."

आणि पायांचा आवाज लांब जायचा. आई मग पडेल आवाजात सांगायची, "खेळायला गेलीय गं. मुलंच ती." तिलाच माझी दया यायची. फोन ठेवला की माझं दुपारचं जेवण तसंच राहून जायचं.

एक दिवस शाई ओली होती आणि फोन वाजला. कागद सोडून उठता येईना. मी फोन दिव्याच्या दांड्याला टेकवून उभा केला, तो कलंडला आणि त्याचं तोंड माझ्या हाताकडे झालं. मी तशीच बोलत राहिले, काम करत राहिले. पलीकडून उत्तर येईना. मला वाटलं गेली नेहमीसारखी. पेन बुडवायला मान वर केली तर स्क्रीनवर ती, दोन्ही हातांवर हनुवटी टेकवून, डोळे विस्फारून बघतेय.

"थांबलीस का?" ती म्हणाली. "काढ ना."

त्या दिवशी ती फोन गरम होईपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी तिनेच आठवण केली. मी मग रीतसर सोय केली, दिव्याच्या दांड्याला फोन बांधायची. माझा चेहरा चौकटीबाहेर, फक्त कागद आणि हात. ती बघत बसायची, मधे मधे हुकूम सोडायची. शाई पसरली की मी वाळल्यावर ती ब्लेडने खरवडते, हे तिला सगळ्यात आवडायचं. "चुकलीस, चुकलीस! आता खरवड!" मी मुद्दाम थोडी चुकायची. तिला मी आरशावाल्या बाईच्या गोष्टी सांगायची. आरशावाली कशी वटवाघळांना हाकलते, आरशावालीची टोपी कशी उडते. टोपी अर्थात मी मनाची घातली होती, पण गोष्टीत चालतं. तिला शब्द कळायला लागले. तुटक रेघ म्हणजे काय, जाड कड कुठल्या बाजूला. ती आजीलाही शिकवायची. "आजी, तिथे भिंत फुटलीय. मनाचं काढायचं नाही."

मला वाटलं, जिंकले. माझं मूल माझ्याशी बोलत नव्हतं, आता तासभर माझ्यासोबत बसतं, आणखी काय हवं? त्या काळात मी जवळजवळ आनंदात होते.

उन्हाळा आला तो तसाच गेला. वकिलातीच्या खिडक्या कधी बंद, कधी अर्ध्या उघड्या. लेकीच्या कागदांवर शिक्का बसला की जाऊन घेऊन यायची, तोवर मी इथली जागा, इथली नोकरी आणि इथला परवाना धरून बसायचं, असा माझा हिशेब होता. मी निघून गेले आणि परत येता आलं नाही तर तिचीही वाट बंद. म्हणून हलायचं नाही. आई म्हणायची, "तू ये तर खरी, पुढचं पुढे बघू." मी म्हणायची, "आई, पुढचं पुढे बघून चालत नाही गं." आम्ही दोघी बरोबर होतो, त्यामुळे वाद कधी मिटलाच नाही.

लेकीच्या वाढदिवसाला सकाळी घरमालकीण जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. वर यायचं नाही, हा तिचा तिनेच घातलेला नियम. तिने माझं अभिनंदन केलं. तिकडे तशी पद्धत आहे, वाढदिवस ज्याचा त्याचं तर करतातच, पण त्याच्या आईबापांचं, भावंडांचं, सगळ्यांचं अभिनंदन करतात. "तुझ्या मुलीबद्दल अभिनंदन," ती खालून म्हणाली, आणि पायरीवर अर्धा केक ठेवून गेली. मी केक उचलून वर आणला. तिला वाढवणारी आजी, तिला कपडे घेणारी आजी, तापात उशाशी बसणारी आजी, आणि अभिनंदन माझं. मी तो केक उभ्यानेच खाल्ला आणि रडले.

हिवाळ्यात खुर्चीचं चित्र आलं. थडग्यांमधून असं चित्र बऱ्याचदा असतं. घरचे मोठे खुर्चीवर बसलेले, समोर जेवणाची रास, आणि खुर्चीच्या पायाशी लहान मूल, मोठ्या माणसाच्या नडगीला हाताने धरून. या भिंतीवर मूल शाबूत होतं. मुलगी होती, डोक्याच्या एका बाजूला केसांची बट, हात पुढे केलेला. तिने धरलेला पायही होता, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. गुडघ्याच्या वर भिंत गेलेली. आरशावाल्या बाईने तिथे तुटक रेघ ओढली होती आणि कडेला लिहिलं होतं, बाई, बसलेली.

लेक फोनवरून बघत होती. मी मुलीची बट शाईने पुरी केली, हात केला, पाय केला आणि तुटक रेघेला लागले.

"आणि तिची आई?"

"तिथली भिंत पडलीय."

"पण आरशावालीने लिहिलंय ना, बाई म्हणून."

"लिहिलंय. पण तिलाही दिसली नव्हती."

"मग तू काढ."

"नाही काढता येत, राणी. मनाचं काढायचं नाही. माहितेय ना तुला?"

तिने थोडा विचार केला. "हो, माहितेय," म्हणाली. आणि "किती शहाणी मुलगी माझी," असं म्हणून मी तुटक रेघ पुरी केली.

त्यानंतर काही दिवसांनी आईने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. लेकीची पहिली ऑनलाइनच चालली होती, त्यात 'माझे कुटुंब' असं चित्र काढायला सांगितलं होतं. चित्र मी आधी चित्रकाराच्या डोळ्यांनी बघितलं, मला तीच खोड. आजी छान जमली होती, चष्मा, अंबाडा, पदराला काठसुद्धा. स्वतः लेक, लाल फ्रॉक. सोसायटीतलं मांजर. आजी आणि ती यांच्या मधे एक मोठी जागा, उभी, माणसाएवढी. तिच्या भोवती तुटक रेघ. रेघ सुरेख होती, एकसारख्या अंतराने तुटलेली, कुठे घाई नाही. आत काही नाही. मला वाटलं, वेळ संपला असेल, रंगवायचं राहिलं असेल.

दुपारी फोन आला तेव्हा मी दिव्याच्या दांड्यावरून फोन सोडवून हातात घेतला आणि विचारलं, "चित्रात मधे रिकामं का गं ठेवलंस?"

"तिथली भिंत पडलीय."

"कोण होतं तिथे?"

"तू."

रुसून नाही, चिडून नाही. मी तिला सांगायचे त्याच सुरात तिने मला सांगितलं.

"मग काढायचं ना मला."

"तू दिसत नाहीस ना. हात दिसतो फक्त."

"हात तरी काढायचास."

"हाताच्या पुढे काय आहे ते मला नीट आठवत नाही," ती म्हणाली. "मनाचं काढायचं नाही ना." मग तिला शाळेची आठवण झाली. "टीचर म्हणाल्या, चित्र पूर्ण कर. मी म्हटलं, पूर्णच आहे." आणि तिने विचारलं, "आज काय काढतेयस? फोन तिकडे कर ना."

मी फोन तिकडे केला. कोरा कागद घेऊन काहीतरी रेघा ओढत बसले, काय ते मला आजही सांगता येणार नाही. तिला काही कळलं नाही. मागे आईला मात्र कळलं असावं. ती नेहमीसारखं "बोल गं आईशी" म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमुख बाई नळी घेऊन आल्या. एव्हाना सरकारी नियमाने घरी एका पाहुण्याला यायची मुभा होती, पण त्यांनी तेवढीही सूट घेतली नव्हती. त्या रस्त्यावर, मी दारात. मी त्यांना लेकीचं चित्र दाखवलं, फोन लांब धरून. का दाखवलं, कोण जाणे. सांगायला दुसरं माणूसच नव्हतं. त्या पुढे वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रेघ चांगली आहे. तू शिकवलीस?"

"हो."

"मधे कोण आहे?"

"मी."

मला वाटलं आता काहीतरी धीराचं बोलतील. पण त्या तशातल्या नव्हत्याच. "मग तू अजून इथे काय करतेयस?" त्यांनी विचारलं.

मी परवान्याचं सांगायला लागले, वकिलातीचं, शाळेच्या जागेचं, परत येता आलं नाही तर काय याचं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"हे सगळं मला माहीत आहे. पत्रं मीच लिहिलीत," त्या म्हणाल्या. "तू परत आलीस तर काम आहे. नाही आलीस तर दुसरं कोणी करेल, तुझ्याइतकं बरं नाही करणार, पण करेल. ते माझ्यावर सोड. तू तिकिटं बघ."

मला त्यांचा राग आला. एवढं सोपं वाटतं यांना! आणि राग ओसरल्यावर लक्षात आलं की सोपंच होतं. इतके दिवस मी ज्या गोष्टीसाठी हलत नव्हते, ती गोष्ट मी न हलल्यामुळेच माझ्या हातून चालली होती. लेकीसाठी मी घर धरून ठेवलं, पलंग धरून ठेवला, शाळा धरून ठेवली. तिला मात्र माझा गुडघ्याच्या वरचा भाग दिसेनासा झाला होता.

तिकीट मिळायला वेळ लागला. मिळालं ते रद्द झालं, परत मिळालं. तोवर भारतातून बातम्या अशा येऊ लागल्या की टीव्ही लावायचं धाडस होईना, आणि मग भारतातून येणारी विमानं तिकडे बंदच झाली. म्हणजे मी जाऊ शकत होते, पण परत यायचं काही खरं नव्हतं. घरमालकिणीला मी तसं सांगितलं. तिने किल्ली घेतली नाही. म्हणाली, राहू दे तुझ्याकडे. मी पलंगावरचे कागद गोळा केले, नळीत भरले आणि निघाले.

मुंबईत विलगीकरणाचे दिवस हॉटेलच्या खोलीत काढले. त्या दिवसांत मी मुद्दाम चेहरा समोर धरून फोन केला. लेक बघायची, जरा वेळ थांबायची, आणि जायची. मग गाडी केली आणि साताऱ्याला आले.

दार आईने उघडलं. ती खूप वाळली होती. तिने मला आत ओढलं, चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडायला लागली, मीही. तिच्या मागे, भिंतीशी, लेक उभी होती. उंच झाली होती. पुढचे दात पडून नवे अर्धे आले होते. ते मला फोनवर कळलंच नव्हतं. मी खाली बसले, हात पुढे केले आणि म्हटलं, "ये."

तिने मला वरून खालपर्यंत बघितलं. अगदी पायाच्या बोटांपर्यंत. आणि ती वळून आत गेली.

"अगं, लाजतेय," आई म्हणाली. "येईल." पण आईचा आवाज खरा नव्हता.

ती आली. हातात स्टीलचा छोटा ट्रे, त्यावर पाण्याने भरलेला पेला. नजर पाण्यावर, सांडू नये म्हणून. घरी कोणी आलं की आधी पाणी द्यायचं, हे आईने तिला शिकवलेलं, मला शिकवलं होतं तसंच. तिने ट्रे माझ्यासमोर धरला. मी पेला उचलला. ती दोन पावलं मागे जाऊन नीट उभी राहिली.

"प्रवास बरा झाला ना?" तिने विचारलं.

"बरा झाला."

"किती दिवस राहणार आहेस?"

"अगं!" आई ओरडली. "असं काय विचारतेस? आई आहे ना तुझी!"

लेक गोंधळली. तिने तर आल्यागेल्याला विचारायचं तेच विचारलं होतं, आणि चांगल्या मुलीसारखं विचारलं होतं. तिचे डोळे भरून आले. मला आईचाच राग आला. पोरीचं काय चुकलं होतं? मी पाहुणीच होते. मी ते पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, कारण तिने ते न सांडता आणलं होतं.

तिने रिकाम्या पेल्यासाठी ट्रे पुढे केला. मी पेला ठेवला नाही. उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

"राहू दे, राहू दे, मी नेते," ती रिकामा ट्रे घेऊन मागे धावली. हेही पाहुण्यांनाच म्हणायचं असतं.

मी नळाखाली पेला विसळला. पण ठेवू कुठे कळेना. भांड्यांचा स्टँड होता त्या जागी आता मिक्सर होता. मी ओला पेला हातात घेऊन माझ्याच घरात उभी, आणि ती दारात उभी राहून बघतेय. मी तो खिडकीत ठेवायला गेले.

"तिथे नाही!" ती म्हणाली. तिने ट्रे खाली ठेवला, माझ्या हातातून पेला घेतला, चवड्यांवर उभी राहिली आणि ओट्याच्या टोकाला नव्या जाळीत पालथा घातला. "इकडे असतात आता. आणि पालथे घालायचे. तुला काहीच माहीत नाहीये."

"नाहीये," मी म्हटलं. "सांग मला."

तिने माझ्याकडे बघितलं. मी खरंच विचारतेय की गंमत करतेय, ते जोखत असावी. मग तिने सगळ्यात खालचा कप्पा उघडला आणि तिथून सुरुवात केली, हे पोळ्यांचे डबे, हा माझा डबा, हा आजीच्या उपासाचा, याला हात लावायचा नाही. मी तिच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले आणि ती एकेक झाकण उघडून दाखवेल ते बघत राहिले.